तांबकड्याचे दगड खाली कसे आले

वारुंडी गावातून तांबकड्याकडे निघालात की ओढा ओलांडल्यावर डाव्या हाताला एक ढीग दिसतो. माणसाच्या दुप्पट उंच, तांबड्या जांभ्या दगडांचा. भोवती सगळी काळी जमीन. या खोऱ्यात पायथ्याला जांभा मिळतच नाही. तो मिळतो वर, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जिथं जुन्या मठाचे चौथरे गवतात पडलेत. म्हणजे हे दगड कुणीतरी वरून खाली आणलेत, आणि तेही एकेक करून, कारण वाट अशी की गाढवसुद्धा अर्ध्यात मागं फिरतं. ढिगातला कुठलाही दगड उचलून बघा. एका माणसाला पेलेल एवढाच आहे.

पाहुण्यांना याची गोष्ट सिदूआप्पा गुरव सांगतो. पाराखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, डोळे मिटून. आप्पाच्या गोष्टीत सोढळाचार्य पहिल्यापासून शेवटपर्यंत देव आहे. राजानं मान दिला, आचार्यांनी नम्रपणे नाकारला, खाली उतरले, शिष्य मागोमाग आले, गुरू असावा तर असा. पाहुणे हात जोडतात. त्यांत कुणी प्राध्यापक असला तर त्याचे डोळेही भरून येतात, कारण त्याला वाटतं आपलीच गोष्ट चालू आहे.

ओढ्यापलीकडच्या भोईवस्तीत ही गोष्ट वेगळी सांगतात. मी ती तिथं ऐकली. आप्पाला एकदा म्हणालो, तुम्ही मधला भाग गाळता. आप्पा म्हणाला, "कॉलेज अर्ध्यात सोडलेल्यानं मला गोष्ट शिकवू नये." गाळलेला भाग नेमका त्याबद्दलच आहे. तेव्हा सगळी सांगतो.

फार पूर्वी, इथं यादवांचं राज्य असताना म्हणे, तांबकड्यावर मोठा मठ होता. पोरं अक्षरं गिरवायला तिथं जात नसत. ते सगळं खाली उरकून, मिसरूड फुटल्यावर वर यायची, पुढचं शिकायला. व्याकरण होतं, वैद्यक होतं, ज्योतिष होतं, आणि व्यवहार होता. व्यवहार म्हणजे न्यायनिवाडा: वाद कसा ऐकावा, साक्ष कशी तपासावी, दंड कुणाला किती. दूरदूरच्या मुलखातले निवाडे करणारे लोक या मठातून शिकून गेले, असं सांगतात. मठ कुणालाही वर घेत असे. टिकू देत असे, असं नाही.

मठाची एक चाल होती. शिष्याला शंका राहिली, की त्यानं सड्यावरचा एक तांबडा दगड उचलायचा आणि त्या गुरूच्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवायचा. शंका फिटली की ज्याचा दगड त्यानंच उचलून न्यायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ज्यानं मठ बांधला त्यानं ही चाल कशासाठी पाडली, ते उघड आहे. गुरू सकाळी दार उघडेल आणि त्याला दिसेल, की काल आपण शिकवलं खरं, पण एवढं अजून पोचलेलं नाही.

शहाणी चाल होती. मग ती म्हाताऱ्यांच्या हातात गेली.

मठातल्या थोरांनी हळूहळू तिचा अर्थच फिरवला. दारात दगड म्हणजे याला शिकवता येत नाही. दारात दगड नाहीत म्हणजे हा थोर. वर्षातून एकदा, पौषात, महंत सगळ्या दारांवरून फिरायचा आणि ज्याचा उंबरा सगळ्यात निर्मळ त्याला पालखीत बसवून देवळाभोवती मिरवायचा. त्याला निर्मळ उंबऱ्याचा मान म्हणत. आता असा मान ठेवल्यावर काय होणार? पदुमभट नावाचे व्याकरणाचे आचार्य होते, त्यांना तो मान वर्षानुवर्षं मिळाला. त्यांच्या दारात कधी खडासुद्धा दिसला नाही. कुणी शंका घेऊन उभा राहिला की पदुमभट त्याला एवढंच विचारायचे, "तुझे वडील काय करतात?" त्यावर पोरगा दगड घेऊन तसाच मागं फिरायचा.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजातही आदर्श प्राध्यापक निवडतात. पोरांकडून गुण भरून घेतात. गुण भरताना ज्याचे भरायचे तो सर दारातच उभा असतो, आणि पोरांचे अंतर्गत गुण त्याच्याच हातात असतात. सगळ्यांना पैकीच्या पैकी. मग शाल, नारळ, फोटो. पदुमभट मेले असं मला तरी वाटत नाही.

तर व्यवहार शिकवणारे ते सोढळ. त्यांचा उंबरा दगडांखाली दिसत नसे. घरात शिरायचं तर बाजूनं पाय उचलून जावं लागे. सोढळ फार प्रेमळ होते असं आप्पा सांगतो. भोईवस्तीत तसं सांगत नाहीत. माणूस तिरसट होता, बोलायला तिखट, आणि स्वतःच्या हुशारीची त्याला जाणीव होती. पण एक होतं. शंका विचारली म्हणून त्यानं कुणाला कमी लेखलं नाही. सकाळी दार उघडून तो दगडांकडे बघायचा आणि विचारायचा, "हा नवा कुणाचा? बस. बोल." त्यामुळे ज्यांना दुसऱ्या दारी तोंड उघडायची सोय नव्हती तेही त्याच्याकडे येत. उंबरा कसा निर्मळ राहणार?

त्याच्याकडे धारू नावाचा शिष्य होता, ओढ्याकाठच्या भोयांपैकी. धारूच्या थोरल्या भावावर देवळातली समई चोरल्याचा आळ आला होता. एका शेजाऱ्यानं साक्ष दिली, की मी डोळ्यांनी बघितलं. शेजाऱ्यानं काही बघितलं नव्हतं. पाटलानं त्याला दम भरला होता, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. भावाला डाग देऊन गावाबाहेर घातलं. तेव्हा धारू डोंगर चढून वर आला, निवाडा म्हणजे काय असतो ते शिकायला.

एक दिवस पाठात साक्षीचं प्रकरण निघालं. खोटी साक्ष देणारा कुठल्या नरकात जातो, त्याचं वर्णन चाललं होतं. धारूनं विचारलं, "आचार्य, भिऊन खोटं बोलला त्याला नरक. ज्यानं भिववलं त्याला काय?"

सोढळ म्हणाले, "ते पुढच्या प्रकरणात येतं."

धारूनं दगड ठेवला आणि वाट बघितली. पुढचं प्रकरण आलं, त्याच्या पुढचंही आलं. ग्रंथ संपला. कुठंच काही नव्हतं. ग्रंथात ते नाही, हे सोढळांना बोलतानाही माहीत होतं की नव्हतं, यावर भोईवस्तीत अजून वाद होतो. मला वाटतं, माहीत होतं. शिकवणाऱ्याला उत्तर येत नसलं की पुढचं प्रकरण त्याच्या मदतीला येतं. सहा महिने मीही एका पुढच्या प्रकरणाची वाट बघितली आहे.

ग्रंथ संपला त्या दिवशी धारूनं आपला दगड उचलला आणि डोंगर उतरून गेला. कुणाला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सोढळांनी दार उघडलं, त्या जागी दगड नाही असं बघितलं, आणि समजले, की पोराची शंका फिटली. पोरगाच दिसत नाही, याचा त्यांनी विचार केला नाही. दगडांची भाषा बोलणाऱ्या मठात दगड नाही म्हणजे शंका नाही. एवढा मोठा न्यायशास्त्री, पण त्याला तेवढंच दिसलं.

पुढं एका पौषात राजाचा कारभारी हेमनायक मठात आला. राजाला आपले नवे न्यायाधीश एकाच गुरूच्या हाताखाली तयार करायचे होते. इथला सर्वांत थोर गुरू कोण, ते सांगा, त्याच्याकडे पाठवतो, असं त्यानं विचारलं. मठाचे महंत त्रिलोचन. पाहुण्यापुढं मठ नीटनेटका दिसावा, एवढीच त्यांना काळजी. त्यांनी जाहीर केलं, की उद्या दारं बघू. ज्याचा उंबरा निर्मळ त्याला मान आणि राजाचे शिष्य. आणि ज्याचा उंबरा दगडांनी बुजलाय त्यानं मठ सोडावा, त्याचे शिष्य इतरांत वाटून देऊ.

नाव घेतलं नाही, पण बुजलेला उंबरा मठात एकच होता.

सोढळांचे शिष्य गोठ्यामागं जमले. त्यांच्यात आंबया म्हणून एक वयानं मोठा होता, तो म्हणाला, "आपल्याला पदुमभटांच्या हाताखाली घालतील."

दुसरा म्हणाला, "माझे वडील काय करतात ते त्यांना अजून कळलेलं नाही. कळलं की संपलं."

काय करायचं, ते ठरायला फार वेळ लागला नाही. नियम असा, की ज्याचा दगड त्यानंच उचलायचा. मग उचलावा. सकाळी सोढळ टाक्यावर आंघोळीला गेले तेव्हा एकेक जण पुढं आला, आपापला दगड उचलला आणि गोठ्यात पेंढ्याखाली नेऊन ठेवला. नियम कुणी मोडला नाही. सगळे खोटं मात्र बोलले, न बोलता. आणि कुणी भिऊन बोललं नाही. गुरू जाऊ नये म्हणून बोलले.

सोढळ ओल्या धोतरानं परत आले. उंबरा मोकळा. उंबऱ्यावर कमळ कोरलेलं होतं म्हणे, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

आप्पा इथं सांगतो, की आचार्यांनी तत्काळ सगळं ओळखलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं आहे. भोईवस्तीत सांगतात, की सोढळ खूश झाले. का होऊ नयेत? आयुष्यभर दुसऱ्याचा उंबरा स्वच्छ आणि स्वतःचा बुजलेला बघितला होता. दरवर्षी पदुमभट पालखीतून जाताना मुद्दाम त्यांच्या दारापाशी खोकायचे. आतून कुठंतरी ते जळत होतंच. त्यांनी स्वतःला समजावलं, की या वर्षी आपण नीट शिकवलं, पोरांना सगळं कळलं. स्वतःबद्दलची साक्ष त्यांनी तपासली नाही.

महंत आले, बघितलं, भुवया वर गेल्या, पण उंबरा तर निर्मळ होता. हेमनायक आपल्यासोबत पालखी आणि भोई घेऊन आला होता, कारण राजाचा माणूस पायी डोंगर चढत नाही. तीच पालखी पुढं आणली. सोढळ बसले. भोयांनी खांदा दिला. देवळाभोवती एक फेरी झाली, शिंग वाजलं, फुलं पडली. सोढळ ताठ बसले होते. पदुमभटांच्या दारापाशी आल्यावर तेही खोकले, असं सांगतात.

फेरी संपली की महंतांनी एक प्रश्न विचारायचा, ही रीत होती. नुसती रीतच. त्रिलोचनांनी पालखीपुढं उभं राहून विचारलं, "या गुरूच्या शिष्यांत कुणाची काही शंका उरली आहे काय?"

सोढळांचे शिष्य एका सुरात म्हणाले, "आमच्या सर्व शंका गुरुकृपेनं फिटल्या."

आता इथं नीट ऐका. व्यवहारात पहिल्याच वर्षी सोढळ पोरांना एक गोष्ट शिकवायचे. दहा साक्षीदार दहा तऱ्हेनं बोलले तर ऐकत राहा, खरं त्यात कुठंतरी असेल. दहाही जण तेच शब्द त्याच क्रमानं बोलले तर थांबा, साक्ष पढवलेली आहे. ही गोष्ट त्यांनी इतक्या वेळा सांगितली होती, की पोरं त्यांची नक्कल करायची, भुवयांसकट. आणि आज तीच पोरं त्यांच्यासमोर तेच शब्द त्याच क्रमानं बोलली.

सोढळ पालखीतूनच म्हणाले, "आंबया, पुढं ये."

आंबया आला.

"तुझा दगड होता. शंका कसली होती?"

"सामाईक विहिरीची, आचार्य. तीन भाऊ आणि एक विहीर."

"ती फिटली?"

"फिटली."

"कशी फिटली ते मला सांग. मला स्वतःला ती अजून फिटलेली नाही."

मागं कुणीतरी हसू दाबलं, मग तेही थांबलं. महंत म्हणाले, "हे काय चाललंय? पालखीत बसून कुणी निवाडा करतं का?"

शेवटी आंबया म्हणाला, "तुम्हाला घालवतील, आचार्य. आम्हाला दुसऱ्या कुणाकडं जायचं नाही."

सोढळ म्हणाले, "शंका फिटल्यात ना? मग माझं काम काय उरलं? कुणाकडंही जा." हे ते रागानं बोलले. त्यांनी भोयांना पालखी खाली ठेवायला सांगितली आणि ते उतरले. "दगड परत आणा."

कुणी हललं नाही. पोरांचंही काय चुकलं? दगड आणले तर गुरू जाणार. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला बस, बोल म्हणणारा माणूस बघितला, ते त्याला आपल्या हातानं बाहेर कसे काढणार? सोढळ त्यांच्याकडे बघत उभे, ते जमिनीकडे. हेमनायक कंटाळून पागोटं सारखं करत होता. महंत खालच्या आवाजात म्हणाले, "आचार्य, बसा परत आणि मोकळे व्हा. सगळ्यांचंच बरं होईल."

त्या वेळी पालखीच्या पुढच्या दांड्याचा भोई बोलला. "माझी एक राहिली आहे."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. दाढी वाढलेला, खांद्यावर घट्टे पडलेला माणूस. सोढळांनी त्याला ओळखलं नाही. त्याच्याच खांद्यावर बसून देवळाची फेरी मारून आले होते, आणि ओळखलं नाही.

तो म्हणाला, "भिऊन खोटं बोलला त्याला नरक. ज्यानं भिववलं त्याला काय?"

सोढळ म्हणाले, "धारू."

"ग्रंथ संपला, आचार्य. पुढचं प्रकरण आलं नाही."

"तुझा दगड तर तू नेला होतास. मला वाटलं, फिटली."

"दगड नेला. मी दिसत नाही, हे कळलं नाही तुम्हाला?" धारू म्हणाला. "का ते सोयीचं होतं?"

मठात गुरूला असं कुणी कधी बोललं नव्हतं. पदुमभटांनी कानांवर हात ठेवले. धारूनं वाकून सड्यावरचा एक तांबडा दगड उचलला, चालत सोढळांच्या घरापाशी गेला आणि त्या कोरलेल्या कमळावर ठेवला. सगळ्यांदेखत.

महंतांनी लगेच तोड काढली. अशा लोकांकडे तोड नेहमी तयार असते. ते म्हणाले, "हा मठाचा शिष्य नाही. शिक्षण टाकून गेलेला आहे. याचा दगड धरला जात नाही. उंबरा निर्मळच आहे."

आणि ते खरंच होतं, मठाच्या नियमानं. सोढळांनी फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसले असते तर मान राहिला असता, राजाचे शिष्य मिळाले असते, आपलीही पोरं आपल्याजवळ राहिली असती. पोरंही डोळ्यांनी तेच विनवत होती. दुसरीकडे एक भोई, जो उद्या पालखी घेऊन डोंगर उतरून जाणार होता आणि परत कधी येणार नव्हता.

सोढळ त्या दगडापाशी गेले. मग धारूला म्हणाले, "मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. पुढच्या प्रकरणात येतं म्हणालो, कारण माहीत नाही म्हणायची लाज वाटली."

त्या क्षणी देवळातली घंटा आपोआप वाजली, असं आप्पा सांगतो. वाजली असेल. म्हाताऱ्यांना अशा ठिकाणी घंटा लागते. गुरू सगळ्यांसमोर माहीत नाही म्हणाला, हा चमत्कार त्यांना पुरत नाही.

सोढळ महंतांकडे वळले. "शिकून गेलेले माझी स्तुतीच करणार, त्यांना माझ्या नावावर जगायचंय. शिकत असलेले माझ्यासाठी खोटं बोलतात, ते आत्ता बघितलंत. मी कसा शिकवतो हे ज्याला विचारायचं, तो हाच एक उरतो. याचा दगड धरा."

"हा धरला तर पोरांनी लपवलेलेही धरावे लागतील. मग तुम्हाला उतरावं लागेल," महंत म्हणाले.

"वाट मला माहीत आहे."

असं सांगतात, की सोढळांनी वाकून तो दगड उचलायला हात घातला आणि मध्येच थांबले. दुसऱ्याचा दगड उचलायचा नाही, हा नियम. त्यांनी धारूकडे बघितलं. धारूनं दगड उचलून त्यांच्या हातात दिला. गुरूच्या हातात शिष्यानं शंका द्यायची, हे मठात आजवर झालं नव्हतं. दारात ठेवून पळायचीच चाल होती.

सोढळ दगड छातीशी धरून निघाले. धारू पालखी तिथंच टाकून त्यांच्यामागं गेला, हेमनायक मागून ओरडत राहिला, राजाचा माणूस आता चालत उतरणार की काय म्हणून. दोघं अर्ध्या वाटेवर पोचले असतील, तेव्हा वरून पोरांचा आवाज आला. आंबया पुढं होता. सगळ्यांच्या खांद्यांवर, डोक्यावर गोठ्यातले दगड, केसांत पेंढा. सोढळ थांबले नाहीत. पण चाल कमी केली, म्हणे.

पायथ्याला ओढ्याकाठी सोढळ जमिनीवरच बसले आणि धारूला समोर बसवलं. "तुझ्या भावाचं काय झालं ते सांग. पाटील त्या शेजाऱ्याला काय म्हणाला, कुठं म्हणाला, शेजाऱ्याच्या घरात तेव्हा कोण होतं." धारू सांगत गेला. पोरं एकेक करून आली, दगड शेजारी ठेवून बसली आणि ऐकू लागली. ग्रंथात नसलेलं प्रकरण तिथं सुरू झालं. ते पुरं झालं का, धारूच्या भावाला गावात घेतलं का, हे भोईवस्तीतही कुणाला सांगता येत नाही. एवढं मात्र या खोऱ्यात आहे, की गावकीत वाद ऐकायला बसले की साक्षीदार बोलेपर्यंत पाटलाला ओढ्यापलीकडं नेऊन बसवायची चाल होती. ती त्या बैठकीतून निघाली म्हणतात.

वरचा मठ पुढं मोडला. का मोडला याच्या पाच गोष्टी आहेत. निर्मळ उंबऱ्यांवर गवत आहे, एवढं मी बघितलंय.

आजही पौषातल्या शेवटच्या रविवारी वारुंडीत लोक जमतात. त्या दिवशी ढिगाजवळ शाल चालत नाही, नारळ चालत नाही, भाषण चालत नाही. ज्यांनी शिक्षण अर्ध्यात सोडलं ते पहाटे तांबकडा चढतात, सड्यावरचा एक दगड उचलतात आणि खाली घेऊन येतात. आसपासच्या कॉलेजांतले शिकवणारे ढिगाशी उभे असतात. यायची सक्ती कुणावर नसते, तरी येतात. दगड आणणारा आपल्या गुरूला शोधतो, दगड त्याच्या हातात देतो आणि जे विचारायचं राहून गेलं ते विचारतो. या खोऱ्यात शिकवणाऱ्याला दुसरा मान नाही. ज्याच्याकडून काहीच मिळणार नाही, अशा माणसासाठी दगड घेऊन कुणी तांबकडा उतरत नाही. कितीतरी आदर्श प्राध्यापक दुपारपर्यंत उभे राहतात आणि रिकाम्या हातानं गाडीत बसतात. आप्पा त्यांना चहा देतो.

गेल्या पौषात लिगाडे मॅडम आल्या होत्या, रसायनशास्त्राच्या. दगड घेऊन आला तो महेश तुपे, एसटी स्टँडवर मोबाईल दुरुस्त करतो. दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला. त्यानं दगड दिला. मॅडमना तो जड झाला, त्यांनी पोटाशी धरला.

महेश म्हणाला, "मॅडम, प्रयोगात माझं उत्तर वेगळं आलं होतं. तुम्ही म्हणालात, पुस्तकातलं लिही. मी लिहिलं. पण माझं तसं का आलं होतं?"

बाजूला उभे असलेले एक सर म्हणाले, "अरे, आता इतक्या वर्षांनी काय करायचंय तुला?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "माहीत नाही," म्हणाल्या. "मी बघितलंच नव्हतं. काय आलं होतं तुझं?"

लोक सरकले. ढिगाच्या सावलीत दोघांना बसायला जागा झाली. मॅडम दगड मांडीवर घेऊन बसल्या, आणि महेश हातवारे करून सांगायला लागला.